एकच बंगला, दोन भाव: परदेशी संकेतस्थळावर सुट्टी बुक करताना तुमचा पिनकोड काय?

चकलीचा_काटा | १४ सप्टेंबर २०२५, रात्री ९.४०

लोकहो, डोकं फिरलंय म्हणून थेट धागाच काढते.

आम्ही जर्मनीत एर्लांगेनला असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या बायर्न (बव्हेरिया) राज्यातल्या शाळांना सुट्टी आहे आणि डोंबिवलीहून आई आलीय. म्हटलं चौघं मिळून नेदरलँड्सला लिंबुर्गमध्ये जाऊ. तिथे झाडीत बंगले, मध्ये तरणतलाव, पोरांना खेळायला जागा अशी एक सुट्टी-वसाहत आहे. नाव सांगत नाही, भांडण अजून चालू आहे. सोमवार ते शुक्रवार, जर्मन साईटवर ८४२ युरो.

आमच्या आइंडहोव्हनच्या ऑफिसातल्या एका डच सहकाऱ्याला कॉलवर सहज बोलले. त्याने तिथल्या तिथे त्यांची डच साईट उघडून स्क्रीन दाखवली. तोच बंगला, त्याच तारखा, चारच माणसं, ६८९ युरो. मी खुळ्यासारखी दोन्ही आकडे बघत बसले.

रात्री मी स्वतः डच साईटवर गेले, भाषांतर लावून सगळा फॉर्म भरला. पिनकोडच्या रकान्यात आमचा पाच आकडी जर्मन पिनकोड टाकला आणि पान गपकन जर्मन साईटवर. पुन्हा ८४२! हेल्पलाईनची बाई इतक्या गोड आवाजात म्हणाली, "तुम्ही जर्मन ग्राहक आहात ना, मग जर्मन साईट खास तुमच्यासाठीच आहे."

हे कायद्यात बसतं का? तुम्हाला असे अनुभव आलेत का? आणि अशा वेळी तुम्ही काय करता?

---

बंड्यानाना | १४ सप्टेंबर, रात्री ९.५२

आमच्या गावच्या जत्रेत पुण्याची गाडी दिसली की नारळ दहा रुपयांनी वाढतो. तिथेही नंबरप्लेटच बघतात. ;)

---

मी_आपली_अशीच | १४ सप्टेंबर, रात्री १०.०५

वाचनखूण साठवली. पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

---

उत्तरायण | १४ सप्टेंबर, रात्री ११.१८

चकलीताई, तुमची बाजू तुम्हाला वाटतेय त्यापेक्षा भक्कम आहे. पण वेगळ्या कारणासाठी.

युरोपात हा वाद जुना आहे. २०१५ मध्ये पॅरिसच्या डिस्नीलँडच्या पॅकेजवरून मोठा गदारोळ झाला होता. एकाच प्रीमियम पॅकेजला फ्रेंच गिऱ्हाइकाला १,३४६ युरो, ब्रिटिशाला १,८७० आणि जर्मनाला २,४४७, असे आकडे तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आले आणि युरोपीय आयोगाने चौकशी सुरू केली. जर्मन म्हणून राहण्याचा भुर्दंड तुमच्या आधीही लोकांनी भरलाय.

नंतर युरोपीय संघाचा नियम आला, क्रमांक २०१८/३०२, लागू ३ डिसेंबर २०१८ पासून. लोक तो चुकीचा समजतात. 'सगळीकडे एकच भाव लावा' असं तो म्हणत नाही. कंपनीने डच साईटवर ६८९ आणि जर्मन साईटवर ८४२ लावले तरी चालतं. पण जर्मनीत राहणाऱ्या माणसाने डच साईटवर जाऊन डच माणसाच्या भावाने घ्यायचं म्हटलं, तर त्याला अडवता येत नाही. तुमच्या संमतीशिवाय दुसऱ्या देशाच्या साईटवर ढकलताही येत नाही. हॉटेल, बंगला, भाड्याची गाडी, जत्रेचं तिकीट हे सगळं यात येतं. म्हणजे चूक ८४२ मध्ये नाही, त्या 'गपकन' मध्ये आहे.

पासपोर्ट भारतीय असला तरी तुम्ही जर्मनीत राहता एवढं पुरे.

आधी दोन्ही साईटचे तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट काढा. मग मुकाट ८४२ ला बुक करा, नाहीतर बंगलाही जायचा. भांडण मागाहून. कंपनीला लेखी तक्रार आणि उत्तर नाही आलं तर जर्मनीतल्या केल गावातलं युरोपीय ग्राहक केंद्र. फुकट आहे.

---

टोपीवाला | १५ सप्टेंबर, सकाळी ७.३०

एवढं सगळं कशाला? व्हीपीएन (आपण दुसऱ्याच देशातून बघतोय असं साईटला भासवणारी सोय) लावा, इन्कॉग्निटो उघडा, कुकीज उडवा. दोनदा बघितलं की भाव वाढवतात असा माझा पक्का संशय आहे. ॲपलचा लॅपटॉप असेल तर आणखी वाढवतात.

---

खडूस_काकू | १५ सप्टेंबर, सकाळी ८.१०

टोपीवाले, ॲपलची गोष्ट २०१२ ची, ऑर्बिट्झ नावाच्या अमेरिकन साईटची. तीच खोली मॅकवाल्याला महाग विकत नव्हते. मॅकवाल्यांना यादीत आधी महागडी हॉटेलं दाखवत होते, कारण ते एका रात्रीला ३० टक्क्यांपर्यंत जास्त खर्च करतात असं त्यांना दिसलं होतं. दुकानदार गिऱ्हाइकाचा अवतार बघून आधी पैठणीची घडी उलगडतो, त्यातला प्रकार. सुती मागितली तर सुतीही मिळते, त्याच भावाने.

आणि व्हीपीएन लावून चकलीने पत्ता काय टाकायचा? सहकाऱ्याचा? पैसे भरताना कार्ड जर्मन, तिथे पोचल्यावर ओळखपत्र जर्मन.

---

दुबईकर_दादूस | १५ सप्टेंबर, दुपारी १.४४

काकूंना +१. मी गेली बारा वर्षं दुबईत हॉटेलांच्या रेव्हेन्यू विभागात आहे, म्हणजे हे भाव लावायचं पाप मीच करतो. शिव्या द्यायच्या आधी ऐका.

आम्ही खोलीला 'मार्केट'प्रमाणे भाव लावतो. ब्रिटिश आणि जर्मन माणूस थंडीतली सुट्टी सहा-आठ महिने आधी बुक करतो. भारतीय तीन आठवडे आधी, आणि दोन दिवस आधी फोन करून विचारतो, "एक्स्ट्रा बेड फुकट ना?" जून ते ऑगस्ट इथे पंचेचाळीस डिग्री असते, युरोपातलं कुत्रंही फिरकत नाही. तेव्हा भारत आणि आखातातल्या लोकांसाठी भाव खाली येतात. एजंटांना जाणाऱ्या दरपत्रकावर स्पष्ट लिहिलेलं असतं, हा दर अमुक देशाच्या पासपोर्टलाच. इथल्या रहिवाशांचा दर त्याहून निराळा.

आता व्हीपीएनची गोष्ट. मागच्या वर्षी नागपूरचं एक जोडपं आलं. जावयाने व्हीपीएनवरून 'रहिवासी दरात' तीन रात्री बुक करून दिल्या होत्या. रिसेप्शनवरच्या पोरीने एमिरेट्स आयडी, म्हणजे इथल्या रहिवाशाचं ओळखपत्र, मागितला. त्या काकांनी पाकिटातून आधार काढलं, मग पॅन, मग मतदार ओळखपत्र. एकेक कार्ड काउंटरवर पत्त्याच्या डावासारखं मांडत गेले. शेवटी ज्येष्ठ नागरिकाचं एसटीचं कार्ड. मला बोलावलं, मी मराठीत बोललो तर त्यांना रडायचं बाकी होतं. अटी बुकिंगच्या पानावर होत्या, फरक घ्यावा लागला. मी न्याहारी माझ्या अधिकारात दिली, एवढंच हातात होतं.

त्यामुळे टोपीवाले, व्हीपीएनने भाव बघा हवा तर. बुकिंग करताना मात्र 'कोणासाठी' ही ओळ वाचा.

---

शेवगा | १५ सप्टेंबर, दुपारी २.०२

एसटीचं कार्ड!! हसून हसून पुरेवाट.

---

टोपीवाला | १५ सप्टेंबर, दुपारी २.२०

माझा मात्र दोनदा फायदा झालाय. असो.

---

गोदाकाठ | १५ सप्टेंबर, सायंकाळी ६.१५

मला एक कळत नाही. युरोपवाले पिनकोड बघतात म्हणून आपण चिडायचं आणि वेरूळला गोऱ्याकडून ६०० घ्यायचे, आपल्याकडून ४०, तेव्हा गप्प? ताजमहालाला आपल्याला ५० आणि त्यांना ११००. आधी स्वतःचं दार झाडा.

---

खडूस_काकू | १५ सप्टेंबर, सायंकाळी ६.४०

वेरूळ माझ्या करातून राखलं जातं. ती सवलत मला आहे, गोऱ्याला दंड नाही. लिंबुर्गच्या बंगल्याला डच माणसाच्या करातून काय जातं? खाजगी धंदा आहे तो. दोन्हीची मोट बांधू नका.

---

गोदाकाठ | १५ सप्टेंबर, सायंकाळी ७.०५

काकू, करदात्याचाच हिशोब लावायचा तर माझ्या मेहुण्याचं काय? तो अमेरिकन नागरिक, पण जन्म छत्रपती संभाजीनगरचा आणि तिथल्या घराची पट्टी आजही भरतो. ओसीआयवाल्यांना (भारतीय वंशाचे परदेशी नागरिक, त्यांना भारताचं तसं कार्ड मिळतं) स्मारकांना भारतीयांचंच तिकीट, हे ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेत आहे. पण पठ्ठ्या कार्ड घरी विसरला. वेरूळच्या खिडकीवर वाद घालायला लागला तो अस्सल मराठवाडी बोलीत, "आरं, हितं लहानपणी शाळेची सहल यायची आमची!" खिडकीतला माणूस शांतपणे म्हणाला, "साहेब, बोलण्यावर तिकीट नाय मिळत, कार्डावर मिळतं." मागच्या रांगेने टाळ्या वाजवल्या. ६०० भरले.

---

हापूसप्रेमी | १५ सप्टेंबर, रात्री ९.३३

थायलंडला यापेक्षा मज्जा. खाओ याय राष्ट्रीय उद्यानात परदेशी माणसाला ४०० बाथ, थाई माणसाला ४०. अशा ठिकाणी बरेचदा पाटीवर परदेशी भाव इंग्रजी आकड्यांत आणि स्थानिकांचा थाई आकड्यांत लिहिलेला असतो. वाचताच येत नाही, तर राग कसा येणार?

---

बंड्यानाना | १५ सप्टेंबर, रात्री ९.४१

आपल्याकडे असं देवनागरी आकड्यांत लिहून बघा. इंग्रजी माध्यमातली आपलीच पोरं ६०० भरून आत जातील.

---

शेवगा | १५ सप्टेंबर, रात्री ९.४३

नाना __/\__

---

निमूट | १६ सप्टेंबर, सकाळी १०.२०

भेदभाव दर वेळी आपल्या विरोधातच असतो असं नाही. भूतानला आपल्याला रात्रीला १२०० रुपये शुल्क, बाकी बहुतेक जगाला १०० डॉलर. तेव्हा कोणी धागा काढत नाही. ब्रिटरेलचा रेल्वे पास ब्रिटनमध्ये राहणाऱ्याला घेताच येत नाही, बाहेरच्यालाच मिळतो. माझी बहीण लेस्टरला असते. मी गेलो की माझ्या पासकडे बघून दर वेळी हळहळते.

---

सहलवाला | १६ सप्टेंबर, दुपारी १२.५०

सांगलीत माझं लहानसं टूर ऑफिस आहे. माझंही ऐका कोणीतरी.

गिऱ्हाईक येतं, माझ्याकडून अख्खा कार्यक्रम लिहून घेतं, घरी जाऊन परदेशी साईटवर बुक करतं. का, तर "तुम्ही टीसीएस लावता." अहो, टीसीएस म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा करायचा आयकर, तो मी लावत नाही. परदेशी सहलीच्या पॅकेजवर २०२० पासून तो विकणाऱ्याने कापायचाच आहे. २०२५-२६ या वर्षाचा दर दहा लाखांपर्यंत ५ टक्के, त्यावर २० टक्के. आणि तो तुमच्या आयकरात वळता होतो. पण समजावता समजावता चहा गार होतो.

पुढे काय होतं ते सांगतो. गेल्या मे महिन्यात एक डॉक्टर, पॅकेज नको म्हणून सगळं सुटं सुटं बुक केलेले. मिलानला पोचले तर अपार्टमेंटवाला फोन घेत नाही. साईट म्हणते मालकाशी बोला. रात्री अकरा वाजता मला फोन, "तुमच्या ओळखीचं कोणी आहे का हो मिलानला?" होतं. दिलं. एक रुपया घेतला नाही, पण पुढच्या वर्षीही ते माझ्याकडे येतील असं वाटत नाही.

---

उत्तरायण | १६ सप्टेंबर, दुपारी ३.३०

सहलवाले, पटलं. भारतात बसून परदेशी साईटशी भांडणाऱ्यासाठी भर घालतो. आपला ग्राहक कायदा २०१९ चा. त्यात तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीर सेवा विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही २०२० चे ई-कॉमर्स नियम लागू आहेत. कागदावर छान. पण जिचं इथे ऑफिसच नाही तिच्याकडून वसुली करायची म्हणजे वाळूतून तेल. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे व्यवहाराचा वाद नोंदवणं हाच त्यातल्या त्यात जवळचा रस्ता. तोही वेळेत.

---

मी_आपली_अशीच | १६ सप्टेंबर, सायंकाळी ५.१२

कार्डावरून आठवलं, जाता जाता सांगते. भाव एकच असूनही फसता येतं! प्रागच्या हॉटेलात ३०० युरोंचं बिल होतं. मशीनवर विचारलं, युरो की रुपये? नवरा म्हणाला रुपये, म्हणजे कळेल तरी किती गेले. कळलंच. त्या दिवशीच्या दराने ३०,९०० च्या आसपास व्हायला हवे होते, मशीनने ३२,६०० घेतले. युरो निवडले असते तर बँकेने साडेतीन टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४.१३ टक्के कापले असते. आम्हाला वाटलं ते तरी वाचले. बँकेने परदेशी व्यवहार म्हणून वेगळं शुल्क तरीही लावलं. साईटवरही 'रुपयांत दाखवा' आणि 'रुपयांत भरा' या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, तेवढं बघा.

---

हापूसप्रेमी | १६ सप्टेंबर, सायंकाळी ५.३०

चकली कुठे गेली? धागा काढून पसार.

---

चकलीचा_काटा | २ ऑक्टोबर, रात्री १०.१५

आले आले. दसऱ्याच्या शुभेच्छा सगळ्यांना.

उत्तरायण यांच्या सल्ल्याप्रमाणे स्क्रीनशॉट काढले, ८४२ ला बुक केलं आणि नियमाचा क्रमांक घालून पत्र पाठवलं. दोन आठवड्यांनी उत्तर आलं, आणि आता माझीच पंचाईत झालीय. त्यांचं म्हणणं, जर्मन दरात चौघांच्या चादरी-अभ्रे आणि टॉवेल धरलेत, डच दरात नाहीत. डच कुटुंबं आपापल्या चादरी घेऊन येतात!

सहकाऱ्याला विचारलं तर तो म्हणे, "अर्थात. दुसऱ्याच्या चादरीला पैसे कोण देतं?"

त्यांच्याच दरपत्रकानुसार चादरींचे ४६ आणि टॉवेलांचे २८, म्हणजे ७४ युरो. फरक होता १५३. उरले ७९. त्याबद्दल पत्रात चकार शब्द नाही, आणि पिनकोडवरून ढकललं त्याबद्दल "तांत्रिक सुलभता" एवढंच.

---

गोदाकाठ | २ ऑक्टोबर, रात्री १०.३०

म्हणजे अर्धं भांडण चादरींचं निघालं.

---

दुबईकर_दादूस | ३ ऑक्टोबर, सकाळी ९.०५

ही जुनी खोड. तुलना करताना आत काय काय आहे ते आधी बघावं. न्याहारी, साफसफाई, पर्यटक कर, रद्द केल्यास परतावा. मी सुरुवातीलाच विचारायला हवं होतं. उरलेल्या ७९ चं उत्तर मी देतो: त्या आठवड्यात बायर्नच्या शाळांना सुट्टी आहे, डच शाळांची शरद-सुट्टी ऑक्टोबरमध्येच संपते. जर्मन साईटवर मागणी आहे, डच साईटवर नाही. मीही तेच केलं असतं. ढकललं मात्र नसतं.

---

टोपीवाला | ३ ऑक्टोबर, सकाळी ९.४०

युरोपियन युनियनचं ऑनलाईन तक्रार पोर्टल आहे ना? तिथे टाका.

---

उत्तरायण | ३ ऑक्टोबर, सकाळी १०.१०

ते २० जुलै २०२५ ला बंद झालं. केलच्या केंद्रालाच लिहा, ७९ युरो आणि ढकलणं एवढ्याच दोन मुद्द्यांवर. चादरींचा 'च' काढू नका.

---

खडूस_काकू | ३ ऑक्टोबर, सकाळी १०.२५

आणि आईला सांगा, चादरी घरून न्या. आपल्या बायकांना ते सांगावंही लागत नाही म्हणा.

---

चकलीचा_काटा | ११ नोव्हेंबर, रात्री ९.००

काकू, तुम्ही आमच्या घरात कॅमेरा लावलाय का? जाऊन आलो. चादरी भाड्यात असूनही आईने दोन सोलापुरी चादरी गाडीच्या डिकीत आधीच कोंबल्या होत्या. तिथल्या चादरी कागदासारख्या पातळ. पहिल्याच रात्री सगळ्यांनी सोलापुरीवर झडप घातली. ७४ युरोंचं कापड घडी न मोडता परत केलं.

आणि बातमी: केलच्या केंद्राने त्यांच्या नेदरलँड्समधल्या जोडकेंद्रामार्फत कंपनीला गाठलं. काल ७५ युरो परत आले. चूक मान्य केलेली नाही. 'कुलांत्स' म्हणून दिले, असं लिहिलंय. हा जर्मन शब्द खास आहे. कायद्याने देणं लागत नाही तरी मोठ्या मनाने दिलं, असा त्याचा अर्थ.

---

बंड्यानाना | ११ नोव्हेंबर, रात्री ९.१०

म्हणजे आपलं "जाऊ द्या ताई, तुम्ही म्हणताय म्हणून." चार युरो कशाचे कापले?

---

शेवगा | ११ नोव्हेंबर, रात्री ९.१२

मोठ्या मनाचं भाडं.

---

निमूट | ३० नोव्हेंबर, सकाळी ११.४५

धागा वर काढतोय. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने १४ जानेवारी २०२६ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्यांना ३२ युरो जाहीर केलेत, आतल्यांना २२. चकलीताई, तुम्हाला बहुतेक २२, आईंना ३२. गोदाकाठ, तुमच्या मेहुण्याला सांगा, वेरूळचं दुःख एकट्याचं नाही.

---

चकलीचा_काटा | ९ डिसेंबर, दुपारी १.३०

निमूट, आईला सांगितलं. म्हणाली मोनालिसाला व्हिडिओवर बघीन.

पण मी आले ते वेगळंच सांगायला. तोच आइंडहोव्हनचा सहकारी. त्यांच्या शाळांना एप्रिल-अखेरीस मे-सुट्टी असते, तेव्हा जर्मन शाळा चालू असतात. त्याला तीच वसाहत हवीय. डच साईटवर ९०३ युरो, जर्मन साईटवर ७१५. जर्मन साईटवर जाऊन त्याने फॉर्म भरला, त्यांचा चार आकडे-दोन अक्षरांचा पिनकोड टाकला, आणि पान गपकन डच साईटवर!

मी त्याला माझं तक्रारीचं पत्र पाठवलंय. फक्त देशांची नावं उलटी करायची.

---

खडूस_काकू | ९ डिसेंबर, दुपारी १.४२

आणि चादरी?

---

चकलीचा_काटा | ९ डिसेंबर, दुपारी १.५०

७१५ मध्ये चादरी धरलेल्या आहेत. त्याचा दुसरा मुद्दा तोच आहे, त्याला त्या नकोत.